भांडणाची पट्टी

जंगल खुरपलेली बाई तुम्ही पाहिली नसेल. मी खुरपलंय. लोक ज्वारी खुरपतात, तूर खुरपतात, एखादी हौशी असेल तर दारातली मेथीही खुरपते. आमच्या घरानं डोंगराच्या उतारावर पात धरून जंगल खुरपलं, आणि ते करताना आमच्यापैकी कुणालाही हसू आलं नाही. हसू गावाला आलं. आम्हाला यायला बरीच वर्षं लागली.

मी मूळची दिंद्रुडकडची, काळ्या रानातली. आमच्याकडे नजर पोचेल तिथवर ज्वारी, आणि झाड म्हणजे विहिरीवरचा एखादा लिंब. लग्न होऊन नेकनूरच्या पलीकडे डोंगरात आले तेव्हा पहिले चार दिवस मला वाटायचं, कुणीतरी आभाळ अर्धं कापून नेलंय. पण घराच्या मागचा तो उतार मला लवकर आवडायला लागला. सरपण तिथून यायचं, पत्रावळीला पळसाची पानं तिथून, शेरडं तिथंच चरायची. आणि दसऱ्याच्या सुमाराला सीताफळं. माहेरी सीताफळ पाहुण्यानं आणलं तर दिसायचं. इथं ओटी भरून आणा, कुणी विचारत नव्हतं. सासुरवास काय तो असू दे, सीताफळं तर आहेत, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

माझा स्वभाव तापट आहे, आधीच सांगून ठेवते. पण तेव्हा सुनेनं सासऱ्यांसमोर तोंड उघडायची रीत नव्हती. मामंजी समोर आले की मी पदर पुढे ओढायची आणि राग गिळायची. तो पुढं खुरप्यावर निघायचा, भाकरी थापताना निघायचा. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, “सूनबाई, भाकर थाप, परातीला मारू नगं.”

तेव्हा निजामाचं राज्य होतं. हुकूम उर्दूत यायचा, तो वाचून दाखवणारा वेगळा आणि त्याचा अर्थ सांगणारा वेगळा. एका वर्षी जंगल महकम्याचे, म्हणजे जंगल खात्याचे, साहेब घोड्यावरून गावात आले. हैदराबादकडचे, वयस्कर, गुडघ्यानं अधू, बोलायला गोड. त्यांनी उतार पाहिला आणि त्यांचं तोंड उतरलं. त्यात त्यांची चूक नव्हती. गावानं निम्म्या उतारावरची झाडं तोडून बाजरी आणि हुलगा पेरायला घेतला होता, आणि उरलेल्याची शेरडांनी हजामत केली होती. साहेब म्हणाले, हा उतार आता बंद. कुऱ्हाड बंद, नांगर बंद, जनावर बंद, माणूससुद्धा बंद.

उतार बंद म्हणजे सरपणाला बायकांनी तीन गावं ओलांडायची आणि शेरडं बाजारात न्यायची. माझी सीताफळं गेली ते वेगळंच. पण आमच्या मामंजींकडे गावची पाटीलकी होती आणि जीभ पाटीलकीपेक्षा चार बोटं लांब होती. ते म्हणाले, “साहेब, बंद कावून करता? आमाला मुदत द्या. तिसऱ्या पावसाळ्याला ह्या उतारावर मानसाच्या छातीला लागंल असं जंगल दावतो. न्हाई दावलं तर रान तुमचं.”

साहेबांनी मामंजींकडे वर-खाली पाहिलं आणि मान्य केलं. सागाच्या बियांची पोतीसुद्धा देतो म्हणाले. तेव्हापासून सगळा गाव मामंजींच्या शब्दावर टांगलेला राहिला. शब्द खरा झाला तर उतार गावाचा, नाहीतर कुलूप.

आता या उतारात एक भानगड होती. उताराच्या मधोमध, वरच्या कड्यावरच्या जुन्या झाडीपासून खाली ओढ्यापर्यंत, एक पट्टी पडीक होती. तिच्या अलीकडची जमीन मामंजींची आणि पलीकडची त्यांच्या धाकट्या भावाची. दोघं सख्खे, एका ताटात जेवलेले. वाटणीच्या वेळी सगळं नीट झालं. तांब्या-पितळ वाटलं, बैल वाटले, देवसुद्धा वाटले. या पट्टीवर मात्र गाडं अडलं. हा म्हणे माझी, तो म्हणे माझी. पंचांनी शेवटी परळीच्या वैजनाथाचा बेल आणला, त्यावर भंडारा टाकला आणि दोघांना तो उचलून शपथ घ्यायला लावली. निकाल लागेपर्यंत या पट्टीत कुणाचा नांगर जाणार नाही, विळा जाणार नाही, जनावर जाणार नाही आणि दोघांपैकी कुणाचं पाऊल पडणार नाही. बेलभंडार उचलला म्हणजे विषय संपला. निकाल काही लागला नाही, आणि दोघं त्या दिवसापासून एकमेकांशी बोलले नाहीत.

बोलले नाहीत म्हणजे तोंडानं नाही. बैलाच्या तोंडून रोज बोलायचे.

मामंजींकडे एक पांढरा बैल होता. सकाळी त्याला घेऊन ते पट्टीच्या कडेला उभे राहायचे आणि त्याच्या कानाशी, पण पट्टीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, “ऐक बे. काही लोकांची शेरडं काल बांधावर आलती. लोकांना सांग, शेरडं बांधत जावा.” मग पलीकडून धाकले मामंजी आपल्या तांबड्या बैलाला सांगायचे, “ऐकलं का बे? आपली शेरडं बांधलेलीच व्हती. काही लोकांचे डोळे म्हातारे झालेत.” दोन्ही बैल रवंथ करत उभे. मी नवीन होते तेव्हा एकदा आत्याबाईंना विचारलं, मामंजी बैलाशी इतकं काय बोलतात. त्या म्हणाल्या, “बैलाशी न्हाई बाई. बैलाचा नुसता टपालवाला केलाय.”

भांडण पुरुषांचं होतं. आम्हा बायकांना कुणी बेलभंडार उचलायला लावला नव्हता. पलीकडच्या घरात माझी चुलत जाऊ होती, माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा तोंडाळ. सीताफळाच्या दिवसांत आम्ही दोघी दुपारी आपापल्या बांधावर बसायचो, ती पलीकडे, मी अलीकडे, मध्ये पट्टी. फळं खायची आणि बिया पट्टीत थुंकायच्या. कुणाची बी लांब जाते यावर पैज. जाऊबाईच्या पुढच्या दातात फट होती, त्यामुळे ती नेहमी जिंकायची आणि मला त्याचा मनापासून राग यायचा. नांगराला बंदी होती, विळ्याला बंदी होती, थुंकायला नव्हती.

एवढं झाल्यावर सागाकडे येते. बियांची पोती आली तशी मामंजींनी बाह्या सरसावल्या. आयुष्यभर शेती केलेला माणूस. त्यांना पीक माहीत. पीक म्हणजे आधी रान साफ पाहिजे. म्हणून त्यांनी आमच्या बाजूचा उतार खोल नांगरला. पूर्वी त्यात बाजरी पेरायचे तेव्हा नुसतं वरवर पाळी घालून पेरायचे, आणि जुन्या पळसाचे, धावड्याचे खुंट तसेच सोडायचे. दर पावसाळ्याला त्यांना फुटवे यायचे. या वेळी मामंजींनी ते खुंट मुळासकट खणून काढले. आपट्याची झुडपं काढली. मुळ्यांचा ढीग घातला आणि पेटवून दिला. तो ढीग दोन दिवस धुमसत होता. मग रान पाहून म्हणाले, “आता कसं, तळहातासारखं झालं.”

तिफण आणली. सागाचं बी पाहिलंय का तुम्ही? बोराएवढं, टणक, वर खरखरीत साल. ते तिफणीच्या वरच्या चाड्यात टाकलं, चार पावलं गेलं आणि नळीत अडकलं. नळी काढून ठोकली, परत टाकलं, परत अडकलं. पांढरा बैल मागे वळून बघायला लागला. पलीकडून धाकल्या मामंजींचा आवाज आला, “तांबड्या, आज काही लोक गोट्या पेरायलेत.” मामंजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शेवटी तिफण बांधावर ठेवली आणि आम्ही बायकांनी नांगरामागं चालत एकेक बी हातानं टाकलं. बी शेणकाल्यात भिजवलेलं होतं, तो वास माझ्या हाताला पोळ्यापर्यंत होता.

पाऊस झाला, आणि रानात सगळं उगवलं. साग सोडून सगळं. जे थोडे खुंट खोलात राहिले होते त्यांना पळस फुटला, कड्यावरून वाहत आलेल्या पाण्याबरोबर धावड्याचं बी आलं, पाखरांनी बोरं टाकली, चारोळी आली, जोडपानांचा आपटा आला. सागाची पोरं मधूनमधून, दोन पानांची, भेदरलेली. मामंजींनी रान पाहिलं आणि कुठल्याही शेतकऱ्यानं केलं असतं तेच केलं. आम्हा बायकांना उभं केलं आणि म्हणाले, “तण लई झालंय. खुरपून काढा. साग सोडून काही ऱ्हायला नको.”

मग आम्ही तण काढलं. म्हणजे पळस काढला, धावडा काढला, चारोळी काढली. मी एका ओळीची पात धरून पुढे सरकायची आणि खुरप्यानं आपट्याची मुळं उकरायची. शेजारच्या पातीवर आत्याबाई होत्या. त्यांनी एक रोप उपटलं, हातात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, “सूनबाई, ह्ये तर झाड हाय.” मी म्हटलं, “मामंजी म्हणतात तण आहे.” त्या म्हणाल्या, “मग तण आसंल.” आणि टाकून दिलं. तीन पावसाळे आम्ही असं जंगल साफ केलं. गावातल्या एका बाईनं विचारलं, “पाटलीणबाई, जंगल कुठवर आलं?” आत्याबाई म्हणाल्या, “निम्मं खुरपून झालंय.”

दुसऱ्या वर्षीच्या दसऱ्याला पहिला दणका बसला. संध्याकाळी गाव शिव ओलांडून उतारावर आला, दरसालप्रमाणं आपट्याचं सोनं लुटायला. बघतात तर आपटा कुठं आहे? मोकळ्या तांबड्या मातीत सागाच्या चार काड्या, पायाला धूळ. आपटा होता, नव्हता असं नाही. भांडणाच्या पट्टीत होता, चांगला डोक्याएवढा, पानांनी भरलेला, पण तिथं हात घालायची छाती कुणाची? सगळे मामंजींकडे बघायला लागले. मामंजी गेले, त्यातल्या त्यात मोठ्या सागाचं पान तोडलं आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातात दिलं. “सोनं घ्या.”

सागाचं पान सुपाएवढं असतं. म्हाताऱ्यानं ते दोन्ही हातांनी धरलं, उलटून पाहिलं. “पाटील,” तो म्हणाला, “सोनं लई झालं. घरात मावंल का?”

मग जो हशा उसळला तो सांगायची सोय नाही. मामंजींनी हट्टानं सगळ्यांना तेच सोनं वाटलं. सागाचं कोवळं पान चुरगाळलं की हात लाल होतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. रात्री गावातल्या निम्म्या पुरुषांचे हात मेंदी लावल्यासारखे लाल होते आणि बायका त्यांना नवरी म्हणून चिडवत होत्या. मी चुलीपाशी बसून इतकी हसले की भाकर करपली. पण मामंजी त्या रात्री जेवले नाहीत. तेव्हा माझं हसू आटलं. आपला शब्द बुडतोय, हे त्यांना कळायला लागलं होतं.

तिसरा पावसाळा आला. उताराची माती मुरमाड, वरची हलकी. आम्ही तिच्यावर काही राहू दिलं नव्हतं, म्हणून पहिल्याच जोराच्या सरींनी ती ओढ्यात गेली. खाली खोलगट जागी काही साग तग धरून होते. ते चांगले वाढले, खरं सांगायला हवं. बाकी उतारावर निम्म्या रोपांना वाळवी लागली आणि निम्मी गुडघ्याच्या वर गेली नाहीत. मामंजी रोज जायचे, एकेका रोपापाशी उभे राहायचे. छातीला लागणारं जंगल म्हणून शब्द दिला होता, आणि ते वाकून बघत होते.

आणि शेजारी ती पट्टी. तिच्यात कुणी काही केलं नव्हतं. नांगर नाही, खुरपं नाही. शेरडू शिरलं तर दोन्ही बाजूंनी दोन भाऊ काठ्या घेऊन धावायचे. साहेबांच्या महकम्याला असे राखणदार शोधून सापडले नसते. आधी नुसतं गवत आणि तरवड होता म्हणे. मग जुन्या खुंटांना पळस फुटला. मग बोरी वाढल्या, त्यांच्या काट्यांच्या आत धावडा आणि चारोळी दडून वाढली. बोरीवर पाखरं बसायची आणि आणखी कशाकशाचं बी टाकायची. कडेला दोन्ही बाजूंनी सीताफळांची रांग होती. त्यातली लांबवरची झाडं जाऊबाईची, हे मी आजही कबूल करते, पण खुशीनं नाही.

त्याच श्रावणात पांढरा बैल गेला. म्हातारा झाला होता. सकाळी उठलाच नाही. मामंजींनी त्याला पट्टीच्या कडेला, जिथं तो रोज उभा राहायचा तिथंच, खड्डा करून पुरलं. रडले नाहीत, पण दिवसभर पाणीही प्यायले नाहीत. दुपारी जाऊबाईनं ओढ्यावर मला सांगितलं, “आमच्या मामंजींनी आज औत जुंपलं न्हाई. तांबड्याला दावणीवरच ठिवलाय. इचारलं तर म्हनले, त्याचा सोबती गेलाय.” मी ते मामंजींना सांगू शकले नाही. सुनेनं बोलायची रीत नव्हती. मी आत्याबाईंना सांगितलं आणि त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मामंजी पट्टीच्या कडेला एकटेच उभे राहायचे, गप्प. पलीकडूनही आवाज येईना. इतक्या वर्षांत तो बांध इतका शांत कधी नव्हता आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी साहेब आले. घोड्यावरून उतरताना त्यांना दोघांनी धरावं लागलं. सगळा गाव मागं. आम्ही बायका सीताफळांच्या आडोशाला. साहेब सागाच्या ओळींतून हळूहळू चालले, काठीनं एक रोप हलवून पाहिलं आणि मामंजींना म्हणाले, “पाटील, ये साग है या तंबाकू?”

गावातलं कुणी हसलं नाही. त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं. उतार गेला हे सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात साहेबांची नजर पट्टीवर गेली. ते तिच्या कडेनं वरपासून खालपर्यंत चालत गेले. एक सीताफळ तोडलं, फोडलं, उभ्या उभ्या खाल्लं आणि बी पट्टीत थुंकली. मला ते साहेब तिथंच पटले. परत येऊन म्हणाले, “मेरेको जंगल होना था. जंगल तो ये है. ये पट्टी उतार के साथ जंगल में डालते, तो पूरा उतार गाँव का. मालिक कौन है?”

पट्टी जंगलात लिहून दिली की साहेब मामंजींचा शब्द खरा धरणार होते, पण कोण मालक? तेच तर इतकी वर्षं अडलं होतं. मामंजींनी ‘माझी’ म्हणावं तर पलीकडून धाकले मामंजी हरकत घेणार आणि मालक ठरल्याशिवाय साहेबांना ती घेता येणार नाही. ‘त्याची’ म्हणावं तर जन्मभराचं भांडण हरलं. दोघांच्या तोंडून एकच शब्द आला तरच गावाचा उतार वाचणार होता. धाकले मामंजी पलीकडे तांबड्याची वेसण धरून उभे होते. सगळं ऐकत होते.

मामंजींनी तोंड उघडलं, आणि सवयीनं उजवीकडे वळले. हात उचलला, बैलाच्या मानेवर ठेवायला. तिथं बैल नव्हता. हात तसाच हवेत राहिला. ते त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले, आणि इतका दांडगा माणूस, मला वाटलं, आता खाली बसतो की काय. जाऊबाईनं पलीकडून पदर तोंडात धरला होता, मला दिसत होतं.

धाकल्या मामंजींनी तांबड्याची वेसण सोडली.

“दादा,” ते म्हणाले, “माज्याशी बोल की.”

मामंजींनी तो हात खाली घेतला. मग म्हणाले, “बैल गेला रं.”

“ठावं हाय.”

“म्हातारा झालता.”

“आपन बी झालोत.”

साहेब मध्ये उभे, एकदा इकडं बघतात, एकदा तिकडं. मामंजींनी डोळे पुसले, पटक्याच्या टोकानं, उघडउघड, सगळ्या गावासमोर. मग साहेबांकडे वळून म्हणाले, “पट्टी दोघांची हाय, साहेब. लिवून घ्या.” पलीकडून धाकले मामंजी म्हणाले, “दोघांची हाय.”

साहेबांनी विचारलं, “लगाया किसने?” दोघं भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. मामंजी म्हणाले, “कुनी न्हाई लावलं, साहेब. आमी भांडत बसलो, ते उगवत गेलं.” साहेब इतके हसले की त्यांना दगडावर बसावं लागलं. जाताना बजावून गेले, सागाच्या ओळींतही आता हात लावायचा नाही, जे येईल ते येऊ द्यायचं. घोड्यावर बसल्यावर म्हणाले, “और पाटील, झगड़ा चालू रखो.”

ते गेल्यावर मामंजी आमच्या बाजूनं आले. मी पदर पुढे ओढला. त्यांनी माझ्या कमरेचं खुरपं पाहिलं. म्हणाले, “सूनबाई, ते घरी ठिव आता.”

दुसऱ्या दिवशी दसरा. बेलभंडारात हाताला बंदी नव्हती, पावलाला होती. पट्टीतल्या आपट्याची एक फांदी धाकल्या मामंजींच्या बांधावर आली होती, तिचं पान घेऊन ते वळसा घालून आमच्या दारात आले, थोरल्याच्या पाया पडले आणि सोनं दिलं. मामंजींकडे द्यायला आपटा नव्हता, आम्ही खुरपला होता. त्यांनी सागाचं पान दिलं. धाकले मामंजी ते डोक्यावर घेऊन उन्हातून घरी गेले.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण भांडण मिटलं म्हटल्याबरोबर दोन्ही घरांतली तरणी माणसं पट्टीकडे बघायला लागली. आमचे हेसुद्धा. आता निकाल लागलाय, इतकं चांगलं रान, झाडं काढली तर बाजरी काय येईल. साहेबांचा हुकूम हैदराबादेत, नांगर घरात. दोघा भावांच्या ते लक्षात आलं. त्यांनी ओढ्यावर बसून काय ठरवलं कुणास ठाऊक, पण पुढच्या दसऱ्याला सोनं देऊन झाल्यावर दोघं उठले, आपापल्या बांधावर जाऊन उभे राहिले आणि सगळ्या गावासमोर भांडायला लागले.

“पट्टी माजी हाय.”

“तुजी कावून? माजी हाय. नांगर घालून दाव बरं.”

“बेलभंडार हाय. तू बी घालू नगं, मी बी घालत न्हाई.”

एवढंच. मग दोघं घरी येऊन एका ताटात जेवायचे. दरसाल हे व्हायचं. गाव बघायला जमायचा. नांगर घालायची भाषा बंद झाली, कारण उघडं भांडण चालू असलेल्या जमिनीत हात घालायला आमच्याकडे कुणी धजत नाही. हळूहळू पट्टी आमच्या उतारावर सरकायला लागली. तिच्या जवळच्या ओळींत आधी आपटा आला, पळस आला, मग चारोळी. लांबच्या टोकाला, जिथं नांगर सगळ्यात खोल गेला होता आणि माती वाहून गेली होती, तिथं कित्येक वर्षं नुसते दगड आणि तरवड. तिकडं बघितलं की माझी कंबर दुखते.

मग एका उन्हाळ्यात धाकले मामंजी गेले.

त्या वर्षीच्या दसऱ्याला आम्हाला वाटलं, मामंजी घराबाहेर पडणार नाहीत. पण संध्याकाळी त्यांनी काठी घेतली आणि बांधाकडे निघाले. त्यांच्या मागं मी. गाव आला नव्हता, कुणाला धीर झाला नव्हता. झाडी आता इतकी दाट झाली होती की पलीकडचं काही दिसत नव्हतं. मामंजी आपल्या जागेवर उभे राहिले आणि म्हणाले, “पट्टी माजी हाय.”

पलीकडून काही आलं नाही. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. परत म्हणाले, “पट्टी माजी हाय.” आवाज निम्मा झाला होता.

मला ते सहन झालं नाही. मी ओढ्याच्या बाजूनं वळसा घालून पलीकडच्या बांधावर गेले. तिथं जाऊबाई उभी होती. तिला म्हटलं, बोल की. ती नुसती रडत होती. जन्मभर जिचं तोंड बंद झालं नाही तिचं नेमकं त्या दिवशी बंद झालं. मला रागच आला. इतक्या वर्षांत मी मामंजींसमोर एक शब्द काढला नव्हता. मी डोईवरचा पदर सावरला आणि झाडीकडे तोंड करून ओरडले, “तुमची कावून? आमची हाय. नांगर घालून दावा बरं.”

पलीकडे शांत. काठीचा आवाजसुद्धा नाही. मला वाटलं, मोडली रीत, आता काही खरं नाही.

मग झाडीतून आवाज आला, सावकाश, पण पुरता. “बेलभंडार हाय. तू बी घालू नगं, मी बी घालत न्हाई.”

थोड्या वेळानं मामंजी परत बोलले.

“सूनबाई, फुडल्या साली जरा मोठ्यानं बोल. मला कमी ऐकू येतंय.”